बर्फातील फेरफटका आणि श्वानाचे तळवे



या सदरात सामान्यतः ठेवी, वारसनोंद, मृत्युपत्र, कर्जाची हमी असे रुक्ष विषय येतात आणि वाचकांची पत्रेही त्याच स्वरूपाची असतात. या वेळी सांगलीच्या एका वाचक भगिनींचे जे पत्र आले, त्याचा बँकेशी काडीमात्र संबंध नाही. तरीही त्याचे उत्तर सविस्तर द्यावे असे वाटले, कारण परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे हिवाळ्यात जाणाऱ्या आपल्यातील पुष्कळ ज्येष्ठांपुढे हाच प्रश्न उभा राहतो.

भगिनींचे चिरंजीव शिकागोच्या एका उपनगरात राहतात. नातवंडांच्या हट्टाखातर घरी गोल्डन रिट्रीव्हर जातीचा कुत्रा आणलेला आहे. भगिनी आणि त्यांचे यजमान नोव्हेंबरअखेरीस चार महिन्यांसाठी तिकडे निघत आहेत. मुलगा व सूनबाई सकाळी सातला घर सोडणार आणि सायंकाळी सहाला परतणार. तेव्हा दुपारी कुत्र्याला बाहेर फिरवून आणण्याचे काम ओघानेच या दोघांकडे आले. सूनबाईंनी फोनवरून बजावले आहे की, फिरवून आणल्यावर त्याचे चारही पाय धुवावयाचे, बोटांच्या बेचक्यांतून पुसावयाचे आणि अडकलेला बर्फ काढावयाचा. भगिनी विचारतात, जन्मापासून बर्फात वावरणाऱ्या जनावराचे एवढे चोचले खरोखर आवश्यक आहेत काय? शिवाय घरी नित्य पूजा असल्याने कुत्र्याला स्पर्श करणे त्यांना संकोचाचे वाटते. त्यावर काही मार्ग आहे काय?

माझी कन्याही त्याच शहराजवळ राहते. निवृत्तीनंतर तीन हिवाळे मी तिच्याकडे काढले आणि मोती नावाच्या तिच्या लॅब्राडॉरसमवेत रोज दोन वेळा पायी फिरलो. त्या अनुभवावर, आणि तेथील पशुवैद्यांना विचारून जे समजून घेतले त्यावर, पुढील विवेचन आधारलेले आहे.

भगिनींची पहिली शंका अगदी रास्त आहे. निसर्गाने कुत्र्याच्या पायांची व्यवस्था थंडी सोसण्याच्या दृष्टीने उत्तम केलेली आहे. तळव्यावरील काळ्या गाद्यांची त्वचा जाड व खरखरीत असते आणि तिच्याखाली चरबीचा थर असतो. त्याहून कौतुकाची गोष्ट आत दडलेली आहे. हिरोयोशी निनोमिया या जपानी संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली कुत्र्याच्या तळव्यातील रक्तवाहिन्यांची रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून प्रसिद्ध केली. हृदयाकडून उष्ण रक्त घेऊन येणाऱ्या धमन्यांना तेथे बारीक शिरांच्या जाळ्याने वेढलेले असते. तळव्यातून परतणारे थंड रक्त या जाळ्यातून जाताना शेजारच्या धमनीतील ऊब घेते आणि मगच शरीरात शिरते. त्यामुळे पाय थंड जमिनीवर असले तरी शरीराची उष्णता फारशी वाया जात नाही. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत बोलायचे तर रोख रक्कम काउंटरबाहेर न जाता खात्याखात्यांत झालेली ही ट्रान्सफर एन्ट्री होय.

असे असूनही तेथील पशुवैद्यांकडे हिवाळाभर तळवे भेगाळलेले, लालसर झालेले, लंगडणारे कुत्रे येतातच. याचे कारण केवळ थंडी नव्हे. घराच्या आसपासच्या अर्ध्या तासाच्या फेरफटक्यात तळव्यांना खरा उपद्रव होतो तो त्यांना चिकटून घरापर्यंत येणाऱ्या दोन वस्तूंचा. एक बर्फाचे खडे आणि दुसरी रस्त्यावरचे मीठ.

बर्फाच्या खड्यांची गोष्ट केसाळ जातींच्या बाबतीत विशेष खरी आहे. गोल्डन रिट्रीव्हरच्या बोटांमध्ये आणि गाद्यांच्या मध्ये केसांचे झुपके असतात. ताजा बर्फ या झुपक्यांत शिरतो, तळव्याच्या उबेने थोडा वितळतो आणि बाहेरच्या थंडीने पुन्हा गोठतो. पाच-दहा मिनिटांत त्याची बोराएवढी घट्ट गोळी होते. चपलेत खडा अडकला असता आपले काय होते ते आठवावे. येथे असे चार-सहा खडे एकेका पायात असतात, ते बोटे फाकवतात आणि मधली नाजूक त्वचा घासत राहतात. कुत्रा मग खाली बसून दातांनी ते ओढू लागतो आणि बर्फाबरोबर केसही उपटून निघतात. यावर सोपा उपाय म्हणजे हिमवर्षाव सुरू होण्यापूर्वीच हे केस गाद्यांच्या पातळीपर्यंत कापून घेणे. गाद्यांच्या फटीत कात्री खोल घालू नये. हाताला सवय नसेल तर कुत्र्यांचे केस कापणाऱ्यांकडून किंवा पशुवैद्यांकडून करवून घ्यावे. त्याच वेळी नखेही कापून घ्यावीत. नखे वाढली की पाऊल टेकताना बोटे अधिक फाकतात आणि बर्फाला आत शिरायला जागा मिळते.

मिठाचे प्रकरण जरा अधिक समजून घेण्यासारखे आहे. हिवाळा सुरू झाला की त्या शहरात रस्त्यांवर महापालिकेच्या गाड्या मीठ टाकतात आणि घरासमोरच्या पदपथावरील बर्फ काढण्याची जबाबदारी ज्याच्या त्याच्या घरमालकाची असल्याने तेथे घरोघरचे लोक मीठ पसरतात. हे आपल्याकडच्या जाड्या मिठासारखेच दिसते. कधी त्याला निळसर वा हिरवट रंगही दिलेला असतो. त्याच्या खड्यांना धारदार कडा असतात आणि ते कोरड्या, भेगाळलेल्या तळव्यात रुततात. परंतु त्याचा मोठा उपद्रव ते विरघळल्यावर सुरू होतो.

आपल्या लहानपणी हातगाडीवरचा कुल्फीवाला मडक्यातल्या बर्फात मूठमूठ जाडे मीठ का टाकीत असे, हे आठवून पाहावे. नुसता बर्फ शून्य अंशाला वितळतो आणि त्या तापमानाला दूध नीट गोठत नाही. मीठ घातले की बर्फ वितळू लागतो, वितळताना सभोवतालची उष्णता शोषून घेतो आणि ते मिश्रण शून्याच्या पुष्कळ खाली जाते; प्रमाण नेमके जमले तर उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत. पदपथावर प्रमाण इतके नेमके नसते, तरीही तेथे साचलेला मिठाचा चिखल हा शून्याखाली जाऊनही न गोठलेला पातळ पदार्थ असतो. कोरडा भुसभुशीत बर्फ पायावरून झटकला जातो. हे पाणी मात्र केसांत, बेचक्यांत भिनते आणि कातडीतील ऊब भराभर ओढून घेते. म्हणूनच उघड्या मैदानातल्या बर्फात आनंदाने बागडणारा कुत्रा, मीठ टाकलेल्या पदपथावर आला की एकेक पाय उचलून धरतो. कुत्रा नखरे करतो असा पुष्कळांचा समज होतो, तो चुकीचा आहे.

पारा उणे १० अंशांच्या जवळपास गेला की साध्या मिठाचा प्रभाव फारसा उरत नाही. त्या वेळी लोक कॅल्शियम क्लोराइड वापरतात. पावसाळ्यात कपाटात ओल येऊ नये म्हणून आपण पाणी शोषून घेणाऱ्या ज्या डब्या ठेवतो, त्यांत बहुधा हेच द्रव्य असते. कापडाच्या व्यापाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको. हवेतील पाणी शोषून डबी कशी भरते हे आपण पाहतोच. तेच द्रव्य तळव्याच्या भेगेत बसले तर त्वचा कोरडी पाडते, आणि पाण्यात विरघळताना ते उष्णता बाहेर टाकत असल्याने ओलसर तळव्याला भाजल्यासारखी इजाही करू शकते. बाजारात पाळीव प्राण्यांना निर्धोक असे छापलेल्या पिशव्या मिळतात. त्या अवश्य घ्याव्यात, पण मागील बाजूचा बारीक मजकूरही वाचावा. कित्येकांत युरिया असतो, काहींत मॅग्नेशियम क्लोराइड. ‘निर्धोक’ याचा अर्थ ‘तुलनेने सौम्य’ इतकाच घ्यावयाचा. शिवाय आपल्या दारापुढे आपण काहीही पसरले तरी पुढच्या वीस घरांपुढे काय पडले आहे, हे आपल्या हाती नसते. कर्जाच्या करारातील तारांकित टीपा वाचण्यात उभा जन्म गेल्यामुळे असेल, मला त्या पिशवीच्या दर्शनी चित्रावरच्या हसऱ्या कुत्र्याचा कधीच भरवसा वाटला नाही.

आता यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कुत्रा घरी आला की प्रथम पाय चाटतो. तळव्याला आग होते म्हणून चाटतो, ओले वाटते म्हणून चाटतो, आणि चव खारट लागते म्हणूनही चाटतो. चाटल्याने मीठ पोटात जाते. त्यामुळे लाळ गळणे, उलटी, वारंवार तहान लागणे असे त्रास होतात. मिठाची उघडी पिशवीच त्याने फस्त केली, तर रक्तातील क्षाराचे प्रमाण वाढून जिवावर बेतू शकते. म्हणून गॅरेजमधील पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवावी. मोटारीच्या इंजिनात हिवाळ्यात घालतात ते अँटिफ्रीझ तर याहून भयंकर आहे. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असते आणि थोड्या प्रमाणातही कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करते. वाहनतळावर किंवा गाडीखाली सांडलेल्या हिरवट द्रवातून कुत्रा चालला, की तळव्यांवाटे ते जिभेवर येऊ शकते. दारू प्यायल्यासारखा तो झोकांड्या खाऊ लागला तर ‘थोडा वेळ पाहू’ असे म्हणत थांबू नये. या विषावरचा उतारा पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतो. प्राण्यांच्या विषबाधेविषयी दिवसरात्र सल्ला देणारे एएसपीसीए संस्थेचे केंद्र त्याच इलिनॉय राज्यात आहे. त्याचा क्रमांक आणि नेहमीच्या पशुवैद्यांचा क्रमांक मुलाकडून लिहून घेऊन शीतकपाटाच्या दारावर लावून ठेवावा. सल्ल्याचे शुल्क पडू शकते, तेव्हा कोणते कार्ड वापरायचे हेही तेव्हाच विचारून घ्यावे. मुले कामावर असताना फोन उचलला जाईलच असे नाही.

यावरून सूनबाईंनी सांगितलेली पाय धुण्याची कृती हे चोचले नाहीत, हे ध्यानी यावे. सबंध फेरफटक्यात अधिक महत्त्वाची पाच मिनिटे ती दाराच्या आतली. कृती साधी आहे. बाहेर पडण्यापूर्वीच दाराजवळ पायपुसण्यावर एक पसरट तसराळे किंवा टब, तांब्याभर पाणी आणि जुना पंचा काढून ठेवावा. परत आल्यावर पाणी कोमट करून घ्यावे. आपल्या मनगटाला जेमतेम उबदार लागेल इतकेच. गरम पाणी मुळीच नको. गारठलेल्या तळव्याला चटका बसत असूनही तो कुत्र्याला लगेच जाणवत नाही. एकेक पाय पाण्यात बुडवून बोटे हलकेच विलग करावीत, मीठ धुऊन काढावे. बर्फाची गोळी असेल तर ती ओढू नये, पाण्यात आपोआप विरघळू द्यावी. नंतर पंचाने टिपून कोरडे करावे, बेचक्यांतही. हा शेवटचा भाग लोक घाईने उरकतात. परंतु तेथे ओल राहिली की त्वचा मऊ पडते, खाज सुटते, आणि कुत्रा पुन्हा चाटू लागतो. बुटक्या कुत्र्यांचे पोटही मिठाच्या चिखलाने माखते, तेही पुसावे. हे होईपर्यंत त्याला गालिच्यावर जाऊ देऊ नये. पाच मिनिटे वाकून काम करणे आपल्या वयाला जड जाते, म्हणून दाराशी एक ठेंगणे स्टूल ठेवावे. मी ते ठेवले होते आणि कमरेने माझे आभार मानले.

हे करताना तळवा पाहिलाही जातो, हा आणखी एक लाभ. भेग, रक्ताचा ठिपका, मोडलेले नख, रुतलेला खडा हे सर्व धुताना दिसते. हिवाळ्यात घरात अहोरात्र उष्ण हवा खेळवलेली असते आणि ती अत्यंत कोरडी असते. आपल्या टाचा जशा फुटतात, तसेच त्याचे तळवेही आतल्या कोरडेपणाने फुटतात. त्यामुळे बर्फ नसलेल्या दिवसांतही तळव्यांवर नजर असावी.

आता स्पर्शाच्या संकोचाविषयी. या संकोचाला मी नावे ठेवणार नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पहिली पोळी गाईला आणि कुत्र्याला देण्याचा प्रघात होता, परंतु कुत्रा उंबऱ्याच्या आत नव्हता. साठ-पासष्ट वर्षांची सवय विमानात बसल्याने सुटत नाही. व्यवहारात पुष्कळ मार्ग आहेत. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे वापरावेत. कुत्र्याचा पंचा व टब सर्वस्वी निराळा ठेवावा. हे काम गॅरेजच्या दाराशी करावे. पूजा व स्वयंपाक आटोपल्यावरच, दुपारी, फिरायला न्यावे. यजमानांना संकोच नसेल तर त्यांनी पाय धुवावेत आणि भगिनींनी पट्टा धरावा. आणि यांतील काहीच जमणारे नसेल, तर तसे सूनबाईंना निघण्यापूर्वीच मोकळेपणाने सांगावे. मोबदला घेऊन दुपारी कुत्र्याला फिरवून आणणारी माणसे त्या शहरात मिळतात. मुले त्यांची व्यवस्था करू शकतील आणि कोणाचाही मनोभंग होणार नाही. मात्र फिरवून आणायचे पण पाय धुवायचे नाहीत, असा मधला मार्ग काढू नये. बँकेत तिजोरीची किल्ली ज्याने सही करून स्वीकारली, त्याच्याकडे संध्याकाळच्या शिलकेचीही जबाबदारी येते. पट्टा हातात घेणे आणि पाय धुणे ही माझ्या मते एकाच कामाची दोन टोके आहेत. सूनबाई दिवसभर बाहेर असताना ते कुत्र्याच्या वतीने कोणी सांगणारही नाही.

धुण्याचा व्याप कमी करायचा असेल तर बूट आहेत. कुत्र्याला बूट ही कल्पना ऐकून आपल्याकडे हसू येते. पण अलास्कात अँकरेजपासून नोमपर्यंत सुमारे हजार मैलांची ‘इडिटारोड’ नावाची स्लेज-कुत्र्यांची शर्यत १९७३ पासून भरते, तिच्या नियमांत प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट गाडीत असणे बंधनकारक आहे. बर्फातच जन्मलेले, त्यासाठीच पोसलेले ते कुत्रे. त्यांनाही बूट लागतात. आणि ते बूट लोकरीच्या जाड मोज्यांसारखे नसून पातळ कापडाच्या पिशवीसारखे असतात. त्यांचा मुख्य उद्देश ऊब नसून बोटांत बर्फाचे खडे जमू नयेत आणि कठीण हिमावर तळवे सोलवटू नयेत हा आहे. गृहस्थाच्या कुत्र्याला अलास्का नसले तरी मीठ आहे, आणि मिठावर बुटांइतका चांगला बंदोबस्त दुसरा नाही.

बूट घेताना माप बसलेल्या पायाचे घेऊ नये. कुत्रा उभा असताना, भार पडून पंजा पसरतो तेव्हा कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढावी. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा बहुधा मोठे असतात, म्हणून दोन्हींचे माप घ्यावे. पट्टी बोट सरकेल इतकी सैल असावी. घट्ट आवळली तर रक्तप्रवाह अडून नेमके जे टाळायचे तेच ओढवते. पहिल्यांदा बूट घातल्यावर कुत्रा पाय उंच उंच टाकत असा काही चालतो की नातवंडे लोळण घेऊन हसतात. म्हणून हिमवर्षावाच्या आदल्या महिन्यापासून घरातच दोन-दोन मिनिटे सवय करावी, बक्षीस म्हणून त्याचा आवडता खाऊ द्यावा. भिजलेले बूट परत आल्यावर काढून वाळवावेत. बूट निसटून हरवतात, आणि हरवतो तो नेहमी एकच. मोतीच्या बाबतीत तो मागचा डावा असे. काही कुत्रे मात्र शेवटपर्यंत बूट पत्करत नाहीत. त्यांच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही.

अशांसाठी तळव्यांना लावण्याचे मेण मिळते. बाहेर पडण्यापूर्वी त्याचा पातळ थर गाद्यांवर व बोटांमध्ये चोळला की बर्फ व मीठ सहसा चिकटत नाही आणि घरी आल्यावर धुणे सोपे होते. येथे आपल्या वाचकांनी एक गोष्ट पाहून घ्यावी. या डब्यांपैकी बहुतेकांत मधमाशांचे मेण असते. ज्या घरात मध वर्ज्य आहे त्या घराला ते चालणार नाही. कार्नौबा या ताडाच्या पानांचे किंवा कँडेलिला या झुडपाचे मेण वापरून केलेल्या डब्याही मिळतात. घटकद्रव्यांची यादी वाचून त्या मागवता येतात. बुटांच्या बाबतीतही तळ चामड्याचा नसून रबराचा आहे ना, हे पाहावे. तसे सहज मिळतात. पेट्रोलियम जेली काही जण लावतात. तिने बर्फ चिकटत नाही हे खरे, परंतु ती घरातील फरशी निसरडी करते, आणि ज्या घरात ज्येष्ठ वावरतात तेथे हा धोका पत्करण्याजोगा नाही.

कोणत्या दिवशी बाहेर पडावे आणि कोणत्या दिवशी पडू नये, याचा निर्णय पुष्कळदा ज्येष्ठांनाच करावा लागतो, आणि तेथे एक विलक्षण फसगत होते. तेथील दूरचित्रवाणीवर आणि भिंतीवरच्या यंत्रावर तापमान फॅरनहाइटमध्ये असते. ‘आज वीस आहे’ हे शब्द ऐकले की सांगलीच्या माणसाला माघातील प्रसन्न सकाळ आठवते. फॅरनहाइटचे २० म्हणजे उणे ७ अंश सेल्सिअस. तेथे पाणी ३२ ला गोठते, एवढा एकच आकडा पाठ करून जावे. ३२ च्या खाली पिल्ले, म्हातारे, कृश आणि आखूड केसांचे कुत्रे लवकर गारठतात. २० च्या खाली कोणत्याही घरगुती कुत्र्याचा फेरफटका आखडता घ्यावा. शून्य फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे १८ सेल्सिअसच्या आसपास केवळ देहधर्मापुरते बाहेर नेऊन परत आणावे. वारा असेल तर हे आकडेही अपुरे पडतात. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोत पारा उणे २३ फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ उणे ३१ सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा दिवशी माणसानेही दाराबाहेर पडण्याचा विचार करू नये.

आकड्यांपेक्षा कुत्र्याकडे पाहणे अधिक विश्वसनीय. तो आलटून पालटून पाय उचलू लागला, मध्येच थबकून घराकडे तोंड करू लागला, पाठीला बाक देऊन थरथरू लागला, तर तेथूनच परतावे. कोपऱ्यापर्यंत जायचे ठरले होते म्हणून जाऊ नये. शक्य तेथे पदपथ सोडून शेजारच्या हिरवळीवरच्या ताज्या बर्फातून चालावे. तेथे मीठ नसते आणि आपले पाऊलही कमी घसरते. डिसेंबरात तेथे दुपारी साडेचारच्या आतच सूर्यास्त होतो. म्हणून बारा ते दोन ही वेळ उत्तम. पहाटे पाचला उठून फिरायला जाण्याची आपली सवय तेथे हिवाळ्यापुरती स्थगित ठेवावी. कुत्र्याला चार पाय आहेत. आपल्याला दोनच, आणि तेही गुडघ्यांतून कुरकुरणारे. बुटांना खिळ्यांची जाळी लावल्याखेरीज पट्टा हातात घेऊ नये, आणि पट्टा मनगटाला गुंडाळू तर मुळीच नये. खार दिसली की मोठा कुत्रा माणसाला ओढून पाडतो.

क्वचित प्रसंगी, विशेषतः कुत्रा निसटून तासन्तास बाहेर राहिला तर, हिमदंश होतो. त्याचा आघात प्रथम पंजे, कानांची टोके आणि शेपटीचे टोक यांवर होतो. तेथील त्वचा फिकट वा करडी, थंडगार आणि कडक लागते. ऊब आल्यावर लाल होऊन सुजते. तो भाग चोळू नये, शेगडीजवळ नेऊ नये, केस वाळवण्याच्या यंत्राने शेकू नये. त्याला घरात आणून कोरड्या पांघरुणात गुंडाळावे, पंजे कोमट पाण्यात धरावेत, टिपून घ्यावेत आणि पशुवैद्यांकडे न्यावे. झालेली हानी कित्येकदा काही दिवसांनी काळी पडून दिसू लागते, त्यामुळे पहिल्या दिवशी बरे दिसले तरी दाखवणे सोडू नये. कुत्रा थरथरायचा थांबून सुस्त पडला असेल, तर ते बरे वाटल्याचे लक्षण नव्हे. अशा वेळी तातडी करावी. उपचारांचा खर्च तिकडे मोठा असतो. कुत्र्याचा विमा काढला असल्यास त्यात पूर्वीपासूनचे विकार बहुधा वगळलेले असतात, हे मुलांना एकदा तपासून ठेवायला सांगावे.

आपल्याकडे बर्फ नाही आणि रस्त्यावर मीठही नाही. परंतु याच तळव्यांची दुसरी परीक्षा वैशाख महिन्यात सोलापूर, जळगाव, नागपूरच्या डांबरी रस्त्यांवर होते. हाताची पालथी बाजू डांबरावर सात सेकंद ठेवता येत नसेल, तर तो रस्ता कुत्र्याच्या पायांसाठी नाही, असे पशुवैद्य सांगतात. दुकानाच्या दारात बसणाऱ्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना बूट कोणी घालणार नाही. पण दुपारी बारा ते चार त्यांना सावलीच्या पायरीवरून हुसकावले नाही आणि पाण्याचे एक पसरट भांडे ठेवले, तर त्यांना तापलेला रस्ता ओलांडून पाणी शोधत फिरावे लागत नाही.

निघण्याच्या तयारीत असलेल्यांसाठी एक शेवटची सूचना. तिकडच्या जाडजूड टॉवेलने बेचक्यांतील ओल नीट टिपली जात नाही. आपले जुने, पुष्कळदा धुतलेले सुती पंचे चार-सहा सामानात टाकावेत. वजनाला काही नाहीत आणि या कामासाठी त्यांच्यासारखे दुसरे काही मला तेथे आढळले नाही. कागदावर काढलेले पंज्यांचे माप मुलाकडून आताच मागवून घ्यावे आणि बूट तिकडेच, ऑक्टोबरअखेर मागवायला सांगावे. पहिला मोठा हिमवर्षाव झाल्यावर दुकानांत मधली मापे उरत नाहीत.

पुढील अंकात ज्येष्ठांच्या ठेवींवरील करकपातीविषयी आलेल्या प्रश्नांची उत्तरे.